आणखी काय घेता?

तपासणी झाल्यावर डॉक्टर एक प्रश्न विचारतात, निदान विचारावा अशी अपेक्षा असते : "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?" आजी मान हलवतात. "नाही बा." आजी खोटे बोलत नसतात. सकाळी अनशेपोटी गुळवेलीचा काढा, रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा चूर्ण, लेकाने नगरहून आणलेली 'ताकदीची' बाटली आणि गुडघ्यांसाठी शेजारणीने दिलेली पुडी, एवढे सगळे त्यांच्या पोटात जात असते. पण त्यांच्या लेखी यातले काहीच 'औषध' नाही. औषध म्हणजे डॉक्टर देतो ते. बाकीचा झाडपाला, चूर्ण, टॉनिक, शक्तीच्या गोळ्या. प्रश्न मराठीत, उत्तरही मराठीत, पण 'औषध' या शब्दाचा अर्थ दोघांचा वेगळा.

हा घोटाळा आजचा नाही. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराच भाग आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात आणि मुंबईत घडलेला आहे.

प्रथम डॉक्टरांच्या बाजूकडे पाहू. रुग्ण सांगत नाही अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. डॉक्टर का विचारत नाहीत, याची चर्चा कमी होते. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यक व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदणीपुस्तकात नाव पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचेच. नोंदणी नसलेल्या वैद्याबरोबर व्यावसायिक संबंध ठेवणे हा नोंदणीकृत डॉक्टरचा गैरवर्तनाचा गुन्हा मानला जाऊ लागला. मुंबईत डॉ. पोपट प्रभुराम यांच्यावर आयुर्वेदाच्या महाविद्यालयाशी संबंध ठेवल्याबद्दल कारवाई झाली, आणि त्याचे पडसाद देशभर उमटले. वैद्याशी बोलणे हाच जेथे दोष, तेथे वैद्याने काय दिले हे रुग्णाला आस्थेने विचारण्याची सवय कोठून लागणार?

याच काळात, १९१७ मध्ये, अहमदनगर शहरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गुणेशास्त्री केवळ अध्यापक नव्हते. औषधी द्रव्यांच्या गुणधर्मांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. याचे महत्त्व थोडे थांबून समजून घ्यावे लागेल. कोणत्या वनस्पतीने काय होते, केव्हा द्यावी, केव्हा देऊ नये, हे संस्कृत श्लोकांत होते. ते मराठी वाचकाला गद्यात वाचता येऊ लागले. पुढे १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. आरोग्यमंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. या मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा कायदा झाला आणि वैद्यांनाही नोंदणी मिळाली. वैद्यांचा मान वाढला. पण दोन नोंदवह्या झाल्या, दोन शिक्षणक्रम झाले, दोन दवाखाने झाले, आणि रुग्ण मात्र एकच राहिला. तो सकाळी एका दवाखान्यात आणि संध्याकाळी दुसऱ्यात जाई. एका ठिकाणची हकिगत दुसऱ्या ठिकाणी सांगण्याचे काम कोणाचेच नव्हते.

वैद्याकडचे बोलणे आणि डॉक्टरकडचे बोलणे यांत एक फरक खेड्यातल्या कोणालाही विचारला तर तो सांगेल. वैद्य आधी खाण्याविषयी बोलतो. "पथ्य काय?" हा रुग्णाचा प्रश्न आणि त्याचे सविस्तर उत्तर हा तेथे उपचाराचाच भाग असतो. तोच प्रश्न डॉक्टरला विचारला की उत्तर येते, "काही पथ्य नाही, सगळं खा." डॉक्टरच्या मते ही आनंदाची बातमी. रुग्णाच्या मते मात्र डॉक्टरने नीट लक्षच दिले नाही. उष्ण, थंड, वातूळ, पित्तकर ही आपल्या स्वयंपाकघरातली वर्गवारी आहे. ती रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरते की नाही हा वेगळा प्रश्न. पण रुग्ण आपल्या शरीराविषयी याच शब्दांत विचार करतो, आणि ज्याला हे शब्द उच्चारायचेही नाहीत त्याच्याशी तो खाण्यापिण्याचे बोलत नाही.

मात्र डॉक्टरांनी कधी विचारलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विचारल्यावर काय हाती लागते याची दोन उदाहरणे मुंबईचीच आहेत.

पहिले डॉ. ल्युसी विल्स यांचे. १९२८ साली त्या इंग्लंडहून मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होई. अनेकजणी बाळंतपणात दगावत. नुसत्या लोहाने तो बरा होत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. जंतूंचा संशय होता. पण विल्सबाईंनी जंतूंच्या शोधाबरोबरच या बायका काय खातात याचीही बारकाईने चौकशी केली. भाजीपाला, फळे, दूध ज्यांच्या ताटात जवळजवळ नव्हते त्यांच्यातच हा रोग जास्त होता. मग उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, रक्त झपाट्याने सुधारते असे दिसले. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो अज्ञात घटक कित्येक वर्षे 'विल्स घटक' म्हणून ओळखला जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला. त्याचे आजचे नाव फॉलिक आम्ल. शाळाशाळांतून वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत लोहाबरोबर जो दुसरा घटक असतो, तो हाच. परळ-लालबागच्या बायकांना कोणीतरी "काय खाता?" असे विचारले, त्याचे हे फळ आहे.

दुसरे उदाहरण सर्पगंधेचे. या वनस्पतीचे मूळ निद्रानाशावर आणि उन्मादावर वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे लिहिले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर ती वापरून तिचा रक्तदाबावरील परिणाम मोजला आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. आता याची दुसरी बाजू. रिसर्पिनने काही रुग्णांना खोल नैराश्य येते, हेही लवकरच ध्यानात आले. म्हणजे मुळीत रक्तदाब उतरविण्याइतके बळ होते, आणि ज्यात बळ असते त्याचा अपायही होऊ शकतो. "झाडपाला आहे, करून करून काय करणार?" हे वाक्य आपण सहज बोलतो. सर्पगंधेच्या बाबतीत ते खोटे ठरले आहे.

अशी उदाहरणे थोडी. सर्वसाधारण चित्र पुढील काही दशकांत वेगळेच झाले. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व स्फटिकरूपात मिळाले. त्याचा रंग लालभडक. एका विशिष्ट रक्तक्षयावर ते अक्षरशः जीवदान देणारे आहे. पण आपल्याकडे 'लाल इंजेक्शन' ही अशक्तपणावरची सरसकट दवा झाली. जोडीला ग्लुकोजची बाटली आणि गोड टॉनिके. रुग्ण म्हणे, "डॉक्टर, अंगात ताकदच नाही," आणि डॉक्टरांना त्याचे उत्तर बाटलीत देणे सोपे जाई. रोजगार बुडतो, दोन वेळा पोटभर मिळत नाही, पाठोपाठची बाळंतपणे झाली आहेत, हे बोलायला वेळ लागतो. ऐंशीच्या दशकात लोकविज्ञान चळवळीने या टॉनिकांविरुद्ध बराच प्रचार केला. आमच्या मते टॉनिकाने सर्वांत मोठे नुकसान पैशाचे केले नाही, संभाषणाचे केले. ताकद ही खाण्यात नसून दवाखान्यातून विकत मिळणाऱ्या वस्तूत आहे, हा धडा रुग्णाला डॉक्टरांनीच शिकवला. आज तोच रुग्ण दुकानातून डबा आणतो आणि डॉक्टरला सांगत नाही, याचे नवल कशाला?

आता जामखेडकडे वळू. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९६२ ते ६६ या काळात दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे रोज दिसे ते असे, की आलेले बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते आणि बरा होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत येत होता. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. तालुका कायमचा अवर्षणग्रस्त. १९७१ मध्ये त्यांच्या कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी आधी प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवल्या. ते जमले नाही. शहरात शिकलेली, वयाने लहान, परगावची मुलगी चार पोरांच्या आईला "असं खा, तसं खाऊ नको" असे सांगू लागली तर ऐकणार कोण? मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या बायका बहुधा निरक्षर, वयाने पोक्त, बऱ्याचशा दलित समाजातल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी परतत. या बायकांचे विशेष असे, की ज्या समजुती बदलायच्या होत्या त्या त्यांच्याही होत्या. गरोदर बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, ही समजूत या भागात पक्की होती. आणि ती निव्वळ मूर्खपणाची नव्हती, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. जेथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर कोसच्या कोस दूर आहे, तेथे मोठे मूल अडण्याची भीती खरीच असते. त्या भीतीवर काढलेला तोडगा मात्र चुकीचा. आई अशक्त होते, मूल कमी वजनाचे जन्मते आणि महिन्याभरात जाते.

ही गोष्ट डॉक्टरने सुनेला सांगून उपयोग नव्हता. ताटात किती वाढायचे हे सून ठरवत नाही. गावची आरोग्य कार्यकर्ती थेट चुलीपाशी जाऊन बसू शके आणि सासूशी तिच्याच बरोबरीने बोलू शके. "काकू, तुमच्या थोरलीच्या टायमाला तुम्ही काय खाल्लं होतं?" अशी सुरुवात करून भाकरीबरोबर कालवण, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी इथपर्यंत येणे तिला साधे. डॉक्टरचा प्रश्न "काय घेता?" असा असतो. हिचा प्रश्न "कोण देतं, कधी देतं, आणि का देतं?" इथपर्यंत पोचतो. जी घरगुती रीत उपयोगाची ती चालू ठेवायची, जिने नुकसान नाही तिच्या वाटेला जायचे नाही, आणि जिने अपाय होतो तेवढ्याच रीतीशी झगडायचे, अशी ही पद्धत. बाळंतिणीचे अळिवाचे, डिंकाचे लाडू बंद करण्याचे कारणच नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तीसच्या खाली आले होते. याचे श्रेय अर्थात एकट्या बोलण्याला देता येणार नाही. लसी, पिण्याचे पाणी, शेतीसुधारणा, कुटुंबनियोजन हे सगळे त्यात आहे. पण यातले काहीही बोलण्यावाचून घरात शिरले नसते. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला.

योगायोग असा, की १९७० हेच वर्ष सरकारच्या लोहगोळी कार्यक्रमाचेही आहे. गरोदर स्त्रीला रोज एक गोळी : ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल. गोळ्या गावोगाव पोचल्या, आणि कित्येक घरांत फडताळातच राहिल्या. गोळीने शौचाला काळे होते, मळमळते. ती 'उष्ण' पडते. तिने मूल मोठे होते. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, आणि गोळी हातात देताना त्या सांगितल्या असत्या तर निम्मी भीती गेली असती. शिक्षकांना हे दूरचे वाटू नये. २०१२ पासून किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याचा कार्यक्रम आला आणि २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत लहान मुलांसाठी गुलाबी गोळी आली. दोन्ही शाळेत वाटल्या जातात. म्हणजे या संभाषणातले डॉक्टर आता तुम्हीच आहात. गोळीने पोटात दुखले असे चार मुलांनी सांगितले की पुढच्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या गोळ्या खिडकीबाहेर जातात, हे बहुतेकांनी पाहिले असेल.

ही गोळी आणि घरातले पदार्थ यांचे नाते वर्गात दाखवता येते. गोळीतले लोह बहुधा फेरस सल्फेटच्या रूपात असते. हे आपले जुने ओळखीचे हिराकस. आयुर्वेदात त्याला कासीस म्हणतात. दुकानातून थोडे हिराकस आणा आणि पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात हिरड्याची पूड उकळून गाळून घ्या. दोन्ही एकत्र करा. मिश्रण गडद होऊ लागेल, आणि हवेत ठेवल्यास जवळजवळ काळे होईल. आपल्याकडे पूर्वी शाई अशीच करीत. कोऱ्या चहाच्या पाण्यानेही हा प्रयोग होतो. हिरडा आणि चहा दोहोंत टॅनिन असते. ते लोहाला बांधून ठेवते, आणि बांधलेले लोह आतड्यातून नीट शोषले जात नाही. चहाचा हा परिणाम १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मोजून दाखवला. लिंबातील क जीवनसत्त्वाचा परिणाम याच्या उलट. तेव्हा गोळी चहाबरोबर घेणारी, किंवा हिरडा असलेल्या त्रिफळ्याबरोबर घेणारी बाई पोटात शाईच तयार करीत असते, असे म्हटले तर मुले विसरणार नाहीत. (हिराकसाची चव कोणी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एकदम पुष्कळ खाल्ल्यास त्या विषारी ठरतात.)

काही जोड्या याहून गंभीर आहेत. जेष्ठमध घ्या. घसा बसला की आपण त्याची कांडी चघळतो, आणि त्यात काही वाईट नाही. १९४६ साली हॉलंडमधील डॉ. रेव्हर्स यांनी जठरव्रणाच्या रुग्णांना जेष्ठमधाचा अर्क दिला. व्रण सुधारले, पण काहींच्या अंगावर सूज आली. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब चढतो, हे पुढे उलगडले. आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या एखाद्या आजोबांनी महिनोन्‌महिने जेष्ठमधाचे चूर्ण घेतले तर डॉक्टर गोळ्या वाढवत राहतील आणि रक्तदाब उतरणार नाही. दोघांपैकी कोणालाच कारण कळणार नाही.

करोनाच्या साथीत हे सर्व एकदम पुढे आले. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात होती? आक्षेप रास्त होता. पुढच्याच वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. अनेक वैद्य गुळवेल निर्धोक मानतात, बहुसंख्य लोकांना तिने काही होतही नाही, आणि तरीही थोड्यांच्या यकृताला ती बाधते असे दिसते. पण येथे आमच्या विषयाचा मुद्दा वेगळा आहे. असे यकृतविकार ओळखणारी एखादी खास रक्तचाचणी नाही. विषाणू नाहीत, दारू नाही, असे करत इतर कारणे गाळत जायचे आणि शेवटी रुग्णाला विचारायचे, "गेल्या तीन महिन्यांत काय काय घेतलंत?" निदान या प्रश्नावर उभे असते.

न सांगणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेत डॉ. आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर तिघांतील एक जण वर्षभरात रूढ वैद्यकाबाहेरचा काहीतरी उपचार करीत होता, आणि त्यांच्यापैकी ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरला ते सांगितलेच नव्हते. असे उपचार घेणाऱ्यांत अधिक शिकलेले आणि अधिक कमावणारे लोक जास्त होते.

आपल्याकडे कायद्याने या गोंधळात आणखी भर घातली आहे. अश्वगंधेचे उदाहरण पाहा. दुकानात तिच्या दोन डब्या शेजारीशेजारी मिळतात. एकीवर आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषध कायद्याखाली आली, त्यानुसार. दुसरीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक असतो, कारण २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पूरक आहार म्हणूनही विकता येते. आत मूळ एकाच झुडपाचे. मुलांना घरातल्या अशा डब्यांवरचा मजकूर उतरवून आणायला सांगा, आणि दुसऱ्या प्रकारच्या डबीवरचे बारीक अक्षर वर्गात मोठ्याने वाचायला लावा. औषधी उपयोगासाठी नाही, असे तेथे छापावेच लागते. म्हणजे डॉक्टरांनी "दुसरं काही औषध चालू आहे का?" असे विचारल्यावर ती डबी वापरणाऱ्या आजींनी "नाही बा" म्हटले, तर त्यांचे उत्तर कायद्याने बरोबर आहे.